स्थानिक नभोवाणी आणि दूरस्थ श्रवण : महाराष्ट्रातील ध्वनिक्षेपणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

२३ जुलै १९२७ रोजी मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. या केंद्राच्या मध्यमलहरी प्रक्षेपकाची क्षमता अवघी दीड किलोवॅट होती. त्यामुळे त्याचा आवाज प्रामुख्याने मुंबई शहर व त्याच्या आसपासच्या परिसरापुरता मर्यादित राहिला. भारतातील संघटित ध्वनिक्षेपणाचा प्रारंभ अशा रीतीने एका स्थानिक केंद्रापासून झाला. आज त्याच मुंबई केंद्राचे कार्यक्रम भ्रमणध्वनीवरील आंतरजालाच्या साहाय्याने जगाच्या पाठीवर कोठेही ऐकता येतात, आणि मुंबईतील श्रोताही लंडनचे किंवा न्यूयॉर्कचे केंद्र तितक्याच सहजतेने ऐकू शकतो. श्रवणाला भूगोलाची मर्यादा उरलेली नाही. साहजिकच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या स्थानिक नभोवाणी केंद्राचे प्रयोजन आता काय, असा प्रश्न विचारला जातो.

हा प्रश्न आंतरजालाच्या युगात प्रथमच उपस्थित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. ऐतिहासिक दृष्टीने पाहिल्यास तो समज टिकत नाही. महाराष्ट्रातील श्रोत्यापुढे दूरच्या आवाजाचा पर्याय किमान तीन वेळा आला : १९५२ नंतर लघुलहरींच्या रूपाने, इ.स. २००० नंतर उपग्रह रेडिओच्या रूपाने आणि त्यापाठोपाठ आंतरजालाच्या रूपाने. या तीन टप्प्यांचा आढावा घेऊन स्थानिक नभोवाणीचे बळ व तिची दुर्बलता नेमकी कशात आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी स्थानिक प्रक्षेपण आणि स्थानिक निर्मिती या दोन संकल्पनांत भेद करणे आवश्यक ठरते. एखाद्या गावात प्रक्षेपक उभा आहे, एवढ्यावरून तेथील नभोवाणी स्थानिक ठरत नाही. कार्यक्रम कोठे घडतो, कोण घडवतो आणि कोणाला उद्देशून घडवतो, हे त्यासाठी पाहावे लागते.

प्रादेशिक केंद्रांची उभारणी :

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी आर्थिक अडचणींमुळे १९३० मध्ये बंद पडली व ध्वनिक्षेपणाचे कार्य शासनाने आपल्याकडे घेतले. १९३६ मध्ये या सेवेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली. त्यांपैकी आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात एकच, ते म्हणजे मुंबई. त्यानंतर १९४८ मध्ये नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. पुढे सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी अशी केंद्रांची मालिका उभी राहिली.

या केंद्रांनी मराठी समाजजीवनात जे स्थान मिळवले, त्यामागे तांत्रिक विस्ताराइतकाच माणसांच्या निवडीचा वाटा होता. पु. ल. देशपांडे यांनी पुणे केंद्रावर काही काळ काम केले. व्यंकटेश माडगूळकर यांनी त्याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दीर्घकाळ सेवा केली. माणदेशातील माणसाची बोली व तिचा सूर ठाऊक असलेला लेखक शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाशी जोडला जातो, तेव्हा प्रमाणभाषेतील सरकारी सूचना आणि ग्रामीण श्रोता यांतील अंतर कमी होते. मुंबई केंद्राची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका, स्त्रियांसाठीचे 'वनिता मंडळ', 'कामगारसभा' आणि श्रोत्यांच्या पत्रांवर चालणारी 'आपली आवड' यांसारख्या कार्यक्रमांनी घराघरांतील दिनक्रम बांधून टाकला होता. सकाळी सात वाजून पाच मिनिटांचे पुणे केंद्राचे बातमीपत्र हे अनेक कुटुंबांत घड्याळासारखे वापरले जाई.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर यांची रचना व सुधीर फडके यांचे संगीत असलेले 'गीतरामायण' प्रसारित केले. सुमारे वर्षभर दर आठवड्यास एक याप्रमाणे एकूण छप्पन्न गीते सादर झाली. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून साकारलेला हा उपक्रम एका प्रादेशिक केंद्राची निर्मिती होता. तो पुण्याच्या कक्षेत मात्र राहिला नाही. ज्या निर्मितीची मुळे एखाद्या ठिकाणी घट्ट रोवलेली असतात, ती दूरवर पोहोचण्यास अडचण येत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग :

स्थानिक निर्मितीच्या सामर्थ्याची शास्त्रीय कसोटी १९५६ मध्ये पुणे केंद्राच्या क्षेत्रातच घेतली गेली. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारणतः वीस सदस्य असत. आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी पद्धत होती. पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. शेती, आरोग्य, पंचायत, सहकार असे विषय हाताळणारे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेचे पॉल न्यूराथ यांनी केले. त्यांनी श्रोता मंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळ असलेल्या गावांत ग्रामस्थांच्या माहितीत लक्षणीय वाढ आढळली. ज्या गावांत केवळ रेडिओ संच होता, तेथील वाढ त्या मानाने अल्प होती. संच तोच, कार्यक्रम तोच, भाषाही तीच. फरक होता तो ऐकणाऱ्याला परत बोलण्याची संधी असण्याचा. नभोवाणी हे एकमार्गी माध्यम आहे, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. या प्रयोगात टपालाने का होईना, ते दुमार्गी झाले आणि त्याचा परिणाम मोजता आला. १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली. स्थानिक नभोवाणीच्या भवितव्यासंबंधीच्या चर्चेत आजही या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, ही खेदाची बाब होय.

पहिले आव्हान : लघुलहरींवरून आलेला आवाज :

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या प्रसाराची त्यांची तळमळ प्रामाणिक होती. संगीत संमेलनांचे प्रसारण आणि कलावंतांना मिळालेला आश्रय या त्यांच्या कार्यकाळाच्या जमेच्या बाजू आहेत. परंतु चित्रपटसंगीताविषयी त्यांचा दृष्टिकोन प्रतिकूल होता. चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करणे आणि गीतासोबत चित्रपटाचे नाव न सांगणे या धोरणामुळे निर्मात्यांशी वाद झाला व आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली.

ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी प्रसारणासाठी सिलोनमध्ये बसविलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर नागरी वापरासाठी उपलब्ध झाला होता. त्याच्या हिंदी सेवेवरून डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेली, अमीन सयानी निवेदन करीत असलेली 'बिनाका गीतमाला' अल्पावधीत घरोघरी पोहोचली. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई व ध्वनिफिती कोलंबोस पाठविल्या जात. मुंबईत तयार झालेला कार्यक्रम समुद्रापलीकडून परत मुंबईत ऐकला जाई, कारण मुंबईच्या केंद्रावर त्याला जागा नव्हती. दूरच्या केंद्राचे यश हे बहुतांशी जवळच्या केंद्राने सोडून दिलेल्या जागेवर उभे होते, असा याचा अर्थ होतो.

आकाशवाणीने ऑक्टोबर १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू करून या आव्हानास उत्तर दिले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिरातींना प्रारंभ झाला. श्रोता परत आला. मात्र या उत्तराचे स्वरूप केंद्रीय होते : देशभरासाठी एकच कार्यक्रम एका ठिकाणी घडवायचा आणि अनेक ठिकाणांहून प्रक्षेपित करायचा. मनोरंजनाच्या बाबतीत ही पद्धत यशस्वी ठरली आणि म्हणूनच ती इतर क्षेत्रांतही अनुकरणीय वाटू लागली.

उपग्रहाचे आगमन : स्थानिक केंद्राच्या आत आणि बाहेर :

१९८३ मध्ये इन्सॅट-१ब हा उपग्रह अवकाशात गेला. त्यापूर्वी दिल्लीचा कार्यक्रम इतर केंद्रांवरून सहक्षेपित करण्यासाठी लघुलहरींवर किंवा दूरध्वनीच्या तारांवर अवलंबून राहावे लागे व आवाजाची गुणवत्ता खालावत असे. उपग्रहामुळे कोणतेही केंद्र कोणत्याही वेळी दूरचा कार्यक्रम स्वच्छ आवाजात घेऊ शकले. ही सोय निःसंशय मोठी होती. परंतु तिचा एक परिणाम सहसा नोंदवला जात नाही. स्थानिक कार्यक्रमासाठी लेखक, कलावंत, निवेदक, ध्वनिमुद्रण आणि मानधन लागते. सहक्षेपणासाठी केवळ एक कळ दाबावी लागते. उपग्रहाने स्थानिक नभोवाणीशी पहिली स्पर्धा बाहेरून केली नाही. ती केंद्राच्या नियंत्रण कक्षातच सुरू झाली.

विशेष म्हणजे याच काळात आकाशवाणीने जिल्हा पातळीवरील स्थानिक केंद्रांची योजना हाती घेतली. देशातील असे पहिले केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोविल येथे सुरू झाले. त्यानंतर महाराष्ट्रात अकोला, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), बीड, धुळे, नांदेड, सातारा, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), यवतमाळ, चंद्रपूर आदी ठिकाणी एफ.एम. केंद्रे आली. जिल्ह्यातील बाजारभाव, पीकपाणी, शाळा-महाविद्यालये, लोककलावंत यांना आवाज मिळावा, ही या योजनेमागील भूमिका होती. प्रत्यक्षात या केंद्रांचा बराचसा भार नैमित्तिक निवेदकांनी वाहिला. जेथे मनुष्यबळ अपुरे पडले, तेथे स्थानिक वेळ आक्रसत गेली व सहक्षेपणाची वेळ वाढत गेली.

थेट श्रोत्यापर्यंत पोहोचणारा उपग्रह रेडिओ भारतात 'वर्ल्डस्पेस' या कंपनीने आणला. मूळचे इथिओपियाचे नोआ समारा यांनी स्थापन केलेल्या या कंपनीचा 'एशियास्टार' उपग्रह मार्च २००० मध्ये प्रक्षेपित झाला. बंगळूरहून चालणाऱ्या या सेवेत शास्त्रीय संगीतासाठी चोवीस तासांच्या स्वतंत्र वाहिन्या होत्या. आवाजात खरखर नव्हती. रसिकांसाठी ही पर्वणीच होती. मात्र त्यासाठी खास संच, आकाशाकडे रोखलेला लहान अँटेना आणि वर्गणी आवश्यक होती. चालत्या वाहनांसाठी लागणारे जमिनीवरील पूरक प्रक्षेपकांचे जाळे भारतात उभे राहू शकले नाही. अमेरिकेत याच सुमारास सुरू झालेल्या उपग्रह रेडिओ कंपन्यांना मोटारींतील श्रोत्यांचा मोठा आधार मिळाला होता, तरीही त्यांना २००८ मध्ये विलीनीकरण करावे लागले. वर्ल्डस्पेसने ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. हजारो वर्गणीदारांचे संच दुसऱ्या दिवशी निरुपयोगी झाले. त्याच दिवशी १९६० च्या दशकातला जुना ट्रान्झिस्टर पूर्वीसारखाच वाजत होता. मुक्त प्रक्षेपण आणि वर्गणीवरील श्रवण यांतील हा मूलभूत फरक होय : पहिल्यात संच घेणाऱ्याची मालकी पूर्ण असते, दुसऱ्यात ती सेवा चालू असेपर्यंतच टिकते.

खाजगी एफ.एम. आणि समुदाय रेडिओ :

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश होता. या निर्णयाने शासकीय मक्तेदारीचा वैचारिक पाया हलला. जुलै २००१ मध्ये बंगळूर येथे पहिले खाजगी एफ.एम. केंद्र सुरू झाले व नंतर मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत अशी केंद्रे आली. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र परवानगी नव्हती.

या मर्यादेचा अर्थ २६ जुलै २००५ रोजी स्पष्ट झाला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज खंडित झाली, भ्रमणध्वनी यंत्रणा कोलमडली. अशा वेळी शहरातील एफ.एम. केंद्रांवरून रस्ते, लोकलसेवा व अडकलेल्या नागरिकांविषयीची माहिती दिली गेली. ती बातमी होती की नव्हती, हा प्रश्न त्या दिवशी कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही. २०११ च्या धोरणात वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती, परीक्षा, पाणी-वीजपुरवठा यांविषयीची माहिती ही बातमी मानली जाणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. स्थानिकतेची गरज अशा रीतीने धोरणातही मान्य झाली, परंतु तिची व्याप्ती सोयीसुविधांच्या सूचनांपलीकडे गेली नाही.

त्या मानाने समुदाय रेडिओचे धोरण अधिक मूलगामी होते. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. २००८ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी चालविलेला 'संगम रेडिओ' आणि त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' सुरू झाला. पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' हे शैक्षणिक परिसरातील उदाहरण आहे. या केंद्रांची कक्षा जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरची असते. तथापि १९५६ च्या श्रोता मंडळांत जे टपालाने साधले जात होते, ते येथे प्रत्यक्ष भेटीने साधते, कारण श्रोता आणि निवेदक एकाच गावात राहतात.

आंतरजालावरील श्रवण :

सप्टेंबर २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि आंतरजालावरील श्रवण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आकाशवाणीनेही आपली केंद्रे भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे उपलब्ध करून दिली. जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेली 'रागम' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी तर प्रामुख्याने उपग्रह व आंतरजाल यांच्यासाठीच निर्माण झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसीने हिंदीचे लघुलहरी प्रसारण बंद केले. दूरच्या आवाजाने आकाशमार्ग सोडून आंतरजालाचा मार्ग धरला, असे या घटनांचे वर्णन करता येईल.

या बदलाचे लाभ नाकारता येणार नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आपल्या जिल्ह्याचे केंद्र ऐकता येते. जुने ध्वनिमुद्रण पुन्हा उपलब्ध होते. परंतु आंतरजालावरील श्रवणास वीज, डेटा व अखंड जोडणी लागते. कोण काय ऐकतो याची नोंद कोठेतरी होत राहते. प्रक्षेपित नभोवाणी ऐकणारा अज्ञात राहू शकतो आणि कितीही लोकांनी ऐकले तरी यंत्रणेवरचा भार वाढत नाही. आपत्तीच्या वेळी हाच गुण निर्णायक ठरतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र शासनाने भ्रमणध्वनी उत्पादकांना संचात एफ.एम. ग्राहक कार्यान्वित ठेवण्याची सूचना केली, त्यामागे आपत्तीचाच विचार होता. २०१७ मध्ये नॉर्वेने राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ.एम. प्रक्षेपण बंद केले, तेव्हाही अनेक छोट्या स्थानिक केंद्रांना एफ.एम. वर राहू देण्यात आले, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

खरा धोका कोठे आहे, हे २०२३ मधील दोन घटनांवरून समजते. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात प्रत्येकी १०० वॅट क्षमतेच्या ९१ एफ.एम. प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. प्रसारणाची कक्षा वाढली, परंतु या प्रक्षेपकांचे कार्य मुख्यतः सहक्षेपणाचे आहे. त्यानंतर जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगर येथून देण्याचा निर्णय प्रसारभारतीने घेतला. त्यास विरोध झाला व निर्णय स्थगित करण्यात आला. हे बातमीपत्र पुण्यात ऐकू येणारच होते. ते पुण्यात घडणार नव्हते, एवढाच बदल होता. श्रोत्यांनी व पत्रकारांनी त्याला केलेला विरोध पाहता, प्रक्षेपण आणि निर्मिती यांतील भेद सामान्य श्रोत्याला नेमका कळतो, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष :

१. स्थानिक नभोवाणी आणि दूरस्थ श्रवण यांतील स्पर्धा आंतरजालाने निर्माण केलेली नाही. महाराष्ट्रात ती किमान १९५२ पासून चालू आहे.

२. रेडिओ सिलोनचे यश आकाशवाणीने रिकाम्या सोडलेल्या जागेमुळे शक्य झाले. दूरचा आवाज प्रबळ होतो तो प्रामुख्याने जवळचा आवाज गप्प झाल्यावर.

३. उपग्रह व आंतरजाल ही वाहतुकीची साधने आहेत. त्यांवरून 'गीतरामायणा'सारखी स्थानिक निर्मिती जगभर जाऊ शकते, तशीच स्थानिक निर्मिती बंद करून एकच कार्यक्रम सर्वत्र पोहोचवताही येतो. निवड तंत्रज्ञानाची नसून धोरणाची आहे.

४. १९५६ च्या श्रोता मंडळांच्या प्रयोगातून असे दिसते की केवळ संच किंवा प्रक्षेपक यांच्या संख्येने परिणाम साधत नाही. श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची व्यवस्था असावी लागते.

५. म्हणून एखाद्या केंद्राचे मोजमाप त्याच्या प्रक्षेपकाच्या क्षमतेवर किंवा व्याप्त क्षेत्रावर न करता, दररोज किती तास त्या परिसरात, त्या परिसरातील माणसांकडून कार्यक्रम निर्माण होतो, यावर व्हावयास हवे.

आकाशवाणीच्या अधिकृत माहितीनुसार तिचे प्रसारण २३ भाषा व १७९ बोलींतून होते. यांतील कितीतरी बोलींना आंतरजालाच्या बाजारपेठेत स्वतंत्र वाहिनी मिळणे कठीण आहे, कारण तेथे श्रोतासंख्या निर्णायक असते. अशा बोलींतील आवाज जिल्हा केंद्राच्या एखाद्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून आजही ऐकू येतो. ज्या दिवशी त्या अर्ध्या तासाच्या जागी सहक्षेपण येईल, त्या दिवशी संच चालू राहील, आवाजही पूर्वीपेक्षा स्वच्छ असेल, परंतु त्या परिसराचे स्वतःविषयीचे बोलणे थांबलेले असेल. महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातील केंद्रांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, श्रोत्यांची पत्रे व निवेदकांच्या मुलाखती जमविण्याचे कार्य हाती घेतल्यास या अर्ध्या तासांचा इतिहास लिहिता येईल आणि तो वाचविण्याच्या मागणीला पुराव्याचे बळही मिळेल.